निळ्या टोपीचे जावई

कोंडवेळच्या लोकांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक त्यांच्या झोलाईच्या पालखीचा, आणि दुसरा त्या पालखीवरून झालेल्या भांडणाचा. हेदवीकडे जाताना उतारावर डाव्या हाताला हे गाव लागतं. गावाच्या मधोमध पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा. त्याच्या अलीकडे टेकाडावर वरची वाडी, पलीकडे सखल जागेत खालची वाडी. पावसाळा सरला की त्या पऱ्यात गोट्यांशिवाय काही उरत नाही, पोरंसोरं चप्पल न भिजवता पार जातात. मोठी माणसं मात्र कित्येक वर्षांत त्यात उतरली नव्हती.

झालं होतं ते असं. शिमग्यात झोलाईची पालखी देवळातून निघते, आधी वरच्या वाडीत घरोघर जाते, मग पऱ्यात उतरते. तिथे खालच्या वाडीचे खांदेकरी तिला आपल्या खांद्यावर घेतात. एका शिमग्याला वरच्या वाडीने पालखी उशिरा आणली. खालच्या वाडीने विचारलं, उशीर कशाला? वरच्या वाडीने सांगितलं, आमची मर्जी. त्यानंतर कोण कुणाला काय म्हणालं हे दोन्ही वाड्यांत वेगवेगळं सांगतात. एवढं मात्र दोघांनाही मान्य आहे की खालच्या वाडीच्या धाकूने सोटा उचलला आणि तो वरच्या वाडीच्या भागोजीच्या डोक्यात बसला. टाके घालायला गुहागरला न्यावं लागलं. आणि हा धाकू परका नव्हे, भागोजीच्या सख्ख्या बहिणीचा, चिमाचा नवरा.

भागोजीच्या हातातही तेव्हा दांडकं होतं. त्याने ते उगारलं नाही. जावयावर हात उचलायचा नसतो, हे डोक्यातून रक्त गळत असतानाही त्याला सुचलं. नंतर मात्र त्याने सांगून टाकलं, "धाकूचं पाऊल माझ्या अंगणात पडता नये." तर चिमा म्हणाली, "ज्या घरात माझ्या घोवाला जागा नाय, त्या घरात मला तरी कशी असंल?" तेव्हापासून तिने माहेरचा उंबरा पाहिला नाही. पालखीवर सरकारी बंदी आली. देवीचे चांदीचे मुखवटे, ज्यांना गावात रूपं म्हणतात, ते पेटीत गेले, पेटीला कुलूप लागलं आणि गाव पुढल्या शिमग्यापासून नुसत्या होळीभोवती बोंबा मारून घरी जाऊ लागलं.

भागोजीचा धाकटा भाऊ अनिल तेव्हा फौजेत होता. पुढे त्याची पलटण संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला गेली, तिथून परतल्यावर तो सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि दिवाळीला कायमचा गावी आला. सुदानात असताना तो दर रविवारी चिमाला फोन करायचा. मध्ये अख्खा समुद्र, पण पोटभर बोलणं व्हायचं. गावी आल्यावर ते बंद झालं. आता तो वरच्या वाडीचा माणूस होता ना. अंगणात उभं राहिलं की खाली चिमाच्या घराची कौलं दिसायची, दोरीवर वाळत घातलेल्या साड्या दिसायच्या, कधी कधी तर ती स्वतः कोंबड्यांना दाणे टाकताना दिसायची. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण बाप गेल्यावर ज्या भावाने वाढवलं, त्याच्या देखत हाक मारायला अनिलचा घसा तयार होत नव्हता.

भागोजीची बायको हौसा या बाबतीत काही बोलत नसे. ती फक्त दर शिमग्याला चिमाच्या ओटीसाठी एक चांगला नारळ निवडून कोनाड्यात ठेवायची, आणि गुढीपाडव्याला तो मुकाट फोडून त्याचं वाटण करायची. शिमगा जवळ आला तसा कोनाड्यात नारळ दिसला, तो कशाला म्हणून अनिलने विचारलं तेव्हा वहिनीने सांगितलं आणि तोंड फिरवून ती चुलीकडे गेली. त्या दिवशी अनिलच्या मनाने घेतलं की काय वाटेल ते होवो, यंदाचा नारळ वाटणात जाऊ द्यायचा नाही.

संधी आपणहून आली. तालुक्याहून निरोप आला, दोन्ही वाड्यांनी करार लिहून दिला तर यंदा पालखी काढायला हरकत नाही. मात्र एक दगड जरी उडाला तरी पालखी जागच्या जागी परत फिरेल, आणि मग परवानगीचं नाव काढायचं नाही. बंदोबस्ताला जास्त पोलीस मिळणार नव्हते, कारण शिमगा काय एकट्या कोंडवेळला असतो?

देवळाच्या मंडपात बैठक बसली. खालच्या वाडीतर्फे बोलायला रावजी. म्हातारा, पण जिभेला अजून धार. तो अनिलकडे बघून म्हणाला, "सुभेदार, तू तितं काय करीत व्हतास रे, त्या सुदानात? बंदूक व्हती ना?"

"व्हती."

"चालवलीस?"

"नाय."

"मंग?"

"उभा राहायचो, रावजीकाका."

मंडपात हशा पिकला. रावजीने तंबाखू मळता मळता पुढचा प्रश्न टाकला, "तुमी उभं राहिल्यात म्हणून लढाई थांबली काय?"

"नाय थांबली," अनिल म्हणाला.

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि या बाबतीत तर इच्छाही नव्हती. एकदा हल्ल्याची खबर येऊन ते एका बाजारापर्यंत पोचले, तेव्हा तिथे नुसती राख होती. रस्त्यात चिखल होता, हुकूम यायला वेळ लागला, गाड्या रुतल्या, कारणं पुष्कळ होती, पण राख ती राखच. ती आठवली की अजून त्याच्या तोंडाची चव जायची. पण त्याच्या चौकीजवळ एक हापसा होता. एका बाजूला एका जमातीची वस्ती, दुसऱ्या बाजूला दुसरीची, आणि प्यायचं पाणी तेवढंच. ते येण्याआधी त्या हापशावर माणसं मेली होती. मग ठरलं, सकाळी इकडच्या बायका, दुपारी तिकडच्या, आणि मध्ये शांतिसेनेचे निळ्या टोपीवाले. अनिल आणि त्याचे जवान उन्हात उभे राहायचे. कुणाशी भांडायचं नाही, कुणाला शिकवायचं नाही. बायका यायच्या, डबे भरायच्या, जायच्या. पहिले काही दिवस पळत यायच्या, नंतर नंतर चालत येऊ लागल्या, आणि शेवटी शेवटी तर हापशापाशी टेकून एकमेकींच्या चुगल्या करायच्या.

"लढाई थांबली नाय," तो म्हणाला, "पन आमी व्हतो तवर त्या हापशावर कोनी मेलं नाय."

यावर कुणी हसलं नाही. रावजीने तंबाखू तोंडात टाकली.

"बरं," तो म्हणाला, "हितं कोन उभं राहनार? तू? तू तर वरच्या वाडीचा."

तिथेच सगळं अडत होतं. शेजारच्या गावातली माणसं आणावीत, तर त्यांची आणि कोंडवेळची हद्दीवरून धुसफूस. मुंबईकर मंडळी बोलवावी, तर तीही शेवटी कुठल्या ना कुठल्या वाडीचीच. अनिल डोकं खाजवत घरी आला. वहिनी चहा करत होती, आणि मुलीचा फोन आला म्हणून आनंदात होती. जावई शिमग्याला येणार होता. मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात कामाला असलेला हर्षद, रत्नागिरीहून रजा काढून. वहिनी आपल्याशीच बडबडत होती, जावयासाठी हे करायला हवं, ते आणायला हवं, त्याला तिखट चालत नाही. अनिल तिच्याकडे बघतच राहिला.

गावचे जावई! लांजा, राजापूर, चिपळूण, कुठून कुठून शिमग्याला येतात. कुठल्याच वाडीच्या भांडणाशी त्यांचा संबंध नाही. आणि जावयाच्या अंगाला हात लावायची कुणाची टाप आहे? एखाद्याने दगड मारलाच, तर त्या जावयाला दिलेली गावचीच पोरगी सासरी आयुष्यभर ऐकून घेईल. सुदानात तरी निराळं काय होतं? अनिलला मारणं अवघड नव्हतं. पण त्याला मारलं तर त्याच्या पाठीशी उभे असलेले सगळे देश विचारायला येतील, एवढी धास्ती असायची. नेहमीच असायची असं नाही, पण बहुतेक वेळा पुरायची.

दोन्ही वाड्यांना ही कल्पना इतकी आवडली की तिथल्या तिथे जावयांची मोजदाद सुरू झाली आणि कोणाचा जावई जास्त तगडा यावरून भांडण होता होता राहिलं. गुहागरच्या बाजारातून निळ्या टोप्या आल्या. अनिलने करार लिहायला घेतला. मिशनवर असताना असले कितीतरी करार त्याने पाहिले होते, त्यामुळे हात सराईतपणे चालत होता. वरची वाडी पालखी पऱ्याच्या मध्यापर्यंत आणेल. पऱ्यात निळ्या टोपीवाल्यांशिवाय कुणी थांबणार नाही. वरच्या वाडीची माणसं पऱ्यातून पूर्ण बाहेर पडल्याशिवाय खालच्या वाडीचा माणूस पऱ्यात पाय ठेवणार नाही. हे शेवटचं कलम लिहिताना तर त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. हापशावरचा हाच नियम होता, आणि त्यानेच सारं निभावलं होतं.

भागोजीने वाचलं, मान हलवली. रावजीने वाचून घेतलं, मान हलवली. पाटीलकी करणाऱ्या झाडून सगळ्यांनी मान हलवली. जो तो एवढंच बघत होता की समोरच्या वाडीला आपल्यापेक्षा काही जास्त मिळत नाही ना. ते मिळत नव्हतं. मग सगळ्यांनी सह्या केल्या.

पालखीचा दिवस उजाडला. पेटीचं कुलूप निघालं, रूपं बाहेर आली, गुरवाने ती चिंचेने घासून लखलखीत केली. इतक्या वर्षांनी देवी डोळ्यांनी दिसली तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ढोल वाजले, सनई घुमली, वरच्या वाडीत घरोघर ओट्या भरल्या गेल्या. भागोजी पुढच्या दांडीला होता. वय झालं होतं, पण पहिल्या खांद्याचा मान त्याचा. उतरत्या उन्हात पालखी पऱ्याकडे निघाली.

पऱ्यात निळ्या टोप्या घालून जावई मंडळी उभी होती. हर्षद होता, चिपळूणचा बँकेतला होता, लांज्याचा एस.टी.तला होता. राजापूरच्या जावयाची गाडी चुकली, त्यामुळे एक टोपी अनिलच्या हातातच राहिली होती. बंदोबस्ताला आलेला पोलीस नितेश वडाच्या सावलीत बसून कुणीतरी दिलेली पुरणपोळी खात होता. पलीकडच्या काठावर खालची वाडी दाटून उभी. पुरुष पुढे, बायका मागे बांधावर. त्या बायकांत अनिलला चिमा दिसली. हातात ओटीचं ताट. ती पालखीकडे बघत नव्हती. ती भागोजीकडे बघत होती.

पालखी पऱ्याच्या मध्यावर आली आणि थांबली. ढोल थांबले. कराराप्रमाणे सगळं तंतोतंत झालं होतं. आता पुढे?

कुणीच हललं नाही.

"चला, घ्या," वरच्या वाडीतून कुणीतरी म्हणालं.

"तुमी बाहेर पडा, मंग आमी येतो," पलीकडून रावजीचा आवाज आला.

"आमी बाहेर पडलो तर पालखी कुनाच्या खांद्यावर?"

"ते आमी कसं सांगनार? लिवलंय ते लिवलंय. तुमी बाहेर, मंग आमी आत."

अनिलला आता आपली चूक दिसली. हापशावर ज्याचा त्याचा डबा ज्याच्या त्याच्या डोक्यावर असायचा. पालखीचं तसं नसतं. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर टेकते, नाहीतर सारवलेल्या अंगणात. वाटेत तिला जमीन दाखवायची नाही. म्हणजे वरच्या वाडीच्या खांदेकऱ्यांना पालखी सोडून जाता येत नाही, आणि ते गेल्याशिवाय खालच्या वाडीला येता येत नाही. देवीला अधांतरी टांगून ठेवायचं कलम एका सुभेदाराने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि ज्या गावाने उभा जन्म पालखीखाली काढला त्या गावातल्या एकालाही सही करताना ते दिसलं नव्हतं.

"जावयांनी घ्यावी," कुणीतरी सुचवलं. हर्षद बिचारा लगेच पुढे सरसावला.

"थांबा पावणं," गुरव ओरडला. "खांदा गावच्या मानसाचाच लागतो. भायेरच्याचा चालत नाय."

हर्षद जागच्या जागी थिजला.

अनिल पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "रावजीकाका, चूक माझी हाय. लिवताना माझ्या ध्यानात नाय आलं. तुमची मानसं पाठवा, मी सांगतोय."

"तू सांगतोस," रावजी म्हणाला, "आनि उद्या तुझी वाडी सांगंल की करार खालच्या वाडीनं मोडला. तितं पोलीस बसलाय बग."

पोलीस नितेश पुरणपोळी संपवून उठून उभा राहिला होता. त्याने टोपी सारखी केली. त्याचंही बरोबर होतं, त्याला साहेबांना जाऊन काहीतरी सांगायला लागणार होतं.

वरच्या वाडीत चुळबुळ सुरू झाली. कुणी म्हणे, हे मुद्दाम अडवतायत. पलीकडून कुणी म्हणे, हे मुद्दाम असं लिहून आणलंय. आवाज चढू लागले. दोन्ही काठांवर मुठीत मावतील एवढे गोटे पडलेले, वाकलं की हाताला लागतील असे. अनिलने ते पाहिलं आणि त्याला त्या बाजारातली राख आठवली. तिथे त्याला हुकूम नव्हता. इथे तर हुकूम देणारंच कुणी नव्हतं, आणि समोर भावाचे पाय थरथरत होते. भागोजीची मान लाल झाली होती, खांद्याची शीर तट्ट फुगली होती, पण दांडीवरचा हात ढळला नव्हता. जुन्या जखमेचा वण घामाने चकाकत होता.

अनिल हातातल्या टोपीकडे बघत राहिला. मग पलीकडे बघत राहिला. खालच्या वाडीच्या पहिल्या रांगेत, अगदी मध्यावर, धाकू उभा होता. हात मागे बांधलेले. इतक्या वर्षांत त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

गावचा माणूस. म्हणजे त्याचा खांदा चालतो. आणि वरच्या वाडीचा जावई. म्हणजे त्याला पऱ्यात उभं राहता येतं.

अनिल सरळ चालत त्या काठापाशी गेला, आणि टोपी पुढे करून म्हणाला, "भावजी, ही तुमची. पऱ्यात जावयांनी थांबायचं ठरलंय. तुमी आमचं जावय."

सगळा पऱ्या गप्प झाला. धाकूने टोपी घेतली नाही. खाली बघत तो अगदी हळू म्हणाला, "मी जावय हाय हे तू सांगून काय उपेग, अनिल? तुझ्या मोठ्या भावाच्या अंगनात माझं पाऊल पडता नये. मंग मी कुनाचा जावय?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर अनिलला सोपं गेलं असतं. अनिलने मागे वळून भागोजीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. भागोजीला मान वळवता येत नव्हती, दांडी मानेला घासून होती. तो समोरच्या वडाकडे बघत उभा होता. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

अनिलला वाटलं, संपलं. दादा बोलणार नाही. त्याचा दादा एकदा बोलला की बोलला, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. आता खांदे जातील, पालखी कलेल, कुणीतरी गोटा उचलेल, आणि चिमा पुन्हा आपल्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकताना दिसेल, बस्स तेवढीच दिसेल. त्याचे डोळे जळायला लागले. सुदानात कधी असं झालं नव्हतं.

"पावणं," भागोजी म्हणाला.

त्याने घसा खाकरला.

"पावणं, खांदा भरून आलाय माझा. या. धरा."

धाकू हलला नाही. त्याला बहुधा आपण नीट ऐकलं यावर भरवसा बसेना. तेवढ्यात मागच्या बांधावरून चिमाचा आवाज आला. इतकी वर्षं वरच्या वाडीने न ऐकलेला तो आवाज अख्ख्या पऱ्याला ऐकू गेला. "अवो, दादा बोलवतोय ना! जावा की!"

धाकूने अनिलच्या हातातली टोपी ओढूनच घेतली, डोक्यावर उलटीसुलटी कशीतरी बसवली आणि गोट्यांवरून अडखळत भागोजीपाशी आला. दांडीखाली वाकला. एक क्षणभर दोघांचे खांदे एकाच दांडीखाली होते, एकाचा कान दुसऱ्याच्या कानाला लागेल इतके जवळ. काय बोलले, बोलले की नाही, ते ढोलवाल्यांनाही ऐकू आलं नाही. मग भागोजी बाहेर सरकला. सरकताना त्याचा तोल गेला, तेव्हा हर्षदने सासऱ्याला धरलं.

"एकाचं झालं," गुरव म्हणाला. "बाकीच्या खांद्यांचं काय?"

तेव्हा रावजीने कपाळावर हात मारून घेतला. "च्यायला! अरे, आमच्या वाडीत वरच्या वाडीचं जावय काय एकटा धाकूच हाय? नीट आठवा रे. माझीच बायको तितली!"

आणि खालच्या वाडीतून एकेक जण आठवून आठवून पऱ्यात उतरू लागला. ह्याची बायको वरच्या वाडीची, त्याची आई वरच्या वाडीची म्हणजे त्याचा बाप जावई, पण बाप म्हातारा म्हणून त्याच्या बदली हा. कुणाचीही सासुरवाडी शोधली की ती पऱ्याच्या पलीकडे सापडत होती. वरच्या वाडीतलेही काही हुशार म्हणू लागले, मग आम्हीही खालच्या वाडीचे जावई, आम्ही कशाला बाहेर जाऊ? टोप्या कधीच संपल्या. रावजी स्वतः, एवढा म्हातारा माणूस, "मी आधी जावय, मंग म्हातारा" म्हणत दांडीखाली घुसला आणि त्याला चार जणांनी ओढून बाहेर काढला. हसण्याचा नुसता कल्लोळ झाला. बांधावरच्या बायका तर ताटं सांभाळत खाली बसल्या. पोलीस नितेशने एकदा कराराचा कागद बघितला, एकदा पऱ्यातली ती गर्दी बघितली, कागदाची घडी घालून खिशात ठेवला आणि आणखी पुरणपोळी आहे काय ते विचारलं.

ढोल पुन्हा घुमू लागले. खालच्या वाडीच्या खांद्यावर पालखी नाचली, इतक्या वर्षांचं सगळं साठलेलं एकदम नाचली. अनिल एका गोट्यावर बसला. जीव भांड्यात पडला होता, आणि आता त्या भांड्यातून त्याला उठायचंच नव्हतं. रावजी धापा टाकत त्याच्या शेजारी येऊन बसला.

"तुझा करार अगदी टाकाऊ रे सुभेदार," तो म्हणाला.

"व्हय काका."

"पन तू टोपी घेऊन आलास ते बरं केलंस." त्याने जरा दम खाल्ला. "पुढल्या साली परत भांडलो तर?"

"परत उभा राहीन," अनिल म्हणाला. त्याला एकदम वाटलं, त्या हापशावर आता कुठल्या देशाचे जवान असतील कोण जाणे. पण कोणीतरी असेल, आणि बायका अजून चालत येत असतील, पळत नव्हे, असं त्याने मनापासून मागून घेतलं. देवी जवळच होती, तिलाच सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत हौसा अंगण सारवत होती. तिला पऱ्यातून चढावर येणारी साडी दिसली आणि तिचा शेणाचा हात तसाच थांबला. चिमा येत होती. धावत नव्हती, पण चालण्यात धीर नव्हता, दर दोन पावलांना पदर सारखा करत होती. अंगणात आली, वहिनीच्या पाया पडायला वाकली, तर वहिनीने शेणाच्या हातांनीच तिला जवळ घेतलं. दोघी रडल्या. अनिल दारात उभा होता, तोही रडला, आणि लपवायच्या भानगडीत पडला नाही.

भागोजी ओटीवर बसला होता, खांद्याला तेल चोळत. चिमा त्याच्यासमोर खाली बसली. डोक्यावरचा तो वण तिने आजवर फक्त ऐकला होता. तिने हात वर केला आणि केसांतून बोटांनी तो चाचपला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"लय मोठा हाय रे दादा," ती म्हणाली.

"दुकत नाय आता," भागोजी म्हणाला. मग त्याने विचारलं, "एकटीच आलीस?"

चिमाने मागे वळून बघितलं. अंगणाच्या कडेला, अगदी बाहेर, शेणाने सारवलेली रेघ जिथे संपत होती तिथे धाकू उभा होता. डोक्यावर निळी टोपी. काल रात्री सगळ्या जावयांनी टोप्या परत केल्या होत्या, याने केली नव्हती. ना पुढे येत होता, ना मागे जात होता.

हौसाने कोनाड्यातून नारळ काढला आणि चिमाच्या ओटीत घातला. भागोजीने तेलाची वाटी बाजूला ठेवली. तो अनिलकडे वळला.

"त्या टोपीवाल्याला आत बोलव," तो म्हणाला. "सांग म्हणावं, उभं राहायची पाळी संपली. ये आनि बस."